दुनळीचा डावा घोडा

ही घटना घडलेली आहे. कुणाला पटो न पटो. ज्यांच्या बाबतीत घडली त्यांनी उभ्या आयुष्यात कधी खोटं सांगितलं नाही.

म्हणजे... एकदाच सांगितलं. ते याच गोष्टीत येतं.

तारीख पक्की आहे. १७ मे १९६१, बुधवार. गाव कळंब, जिल्हा यवतमाळ.

आणि वेळ रात्रीची नाही.

भर दुपारची. बारा ते पाच.

भीमराज मिस्त्री म्हणजे माझ्या आईचे वडील. आम्ही त्यांना आबाजी म्हणायचो. ही गोष्ट त्यांनी मला तीसेक वर्षांनंतर सांगितली, तीही एकदाच. सांगताना ते ‘मी’ म्हणालेच नाहीत. ‘भीमराज मिस्त्री तिथं गेला, भीमराज मिस्त्री खाली बसला,’ असं सांगत होते, जसं काही दुसऱ्याच माणसाचं आहे. म्हणून मीही तसंच सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भीमराज पलटणीत होता. त्याच्याकडे बंदुका दुरुस्त करायचं काम असे. पलटण सुटल्यावर त्यानं बाभुळगावात छोटंसं दुकान टाकलं. शिलाई मशीन, स्टोव्ह, पेट्रोमॅक्स, आणि अधूनमधून एखादी बंदूक. ठाण्यातले शिपाईसुद्धा त्यालाच बोलवायचे. छप्पन साली तो बायकोला, सत्यशीलाला, घेऊन नागपूरला गेला आणि दोघांनी दीक्षा घेतली. परत आल्यावर घरातले देव निघाले, अंगारे-धुपारे निघाले, भूतंही निघाली. मोहल्ल्यात कुणाच्या अंगात आलं की भीमराज जाऊन सांगायचा, हे सारं मनाचं आहे, माणसाला डॉक्टरकडे न्या.

सांगायचं एवढंच की तो भित्रा नव्हता.

कळंबच्या नीळकंठरावांनी त्याला निरोप धाडला होता. नीळकंठराव यवतमाळला कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. रोज बसनं जाऊन-येऊन. त्यांच्या घरी एक जुनी इंग्रजी दुनळी होती. वर दोन घोडे असलेली, म्हणजे गोळी झाडायच्या आधी अंगठ्यानं मागे ओढावे लागतात ते दोन लोखंडी घोडे. बंदूक मुळात त्यांच्या थोरल्या भावाची, श्रीकृष्णरावांची. ते जंगल खात्यात रेंजर होते. दोन वर्षांपूर्वी वारले. लायसन त्याच्याही आधीपासून नीळकंठरावांच्या नावावर झालेलं होतं.

वीस तारखेला बंदूक ठाण्यात दाखवायची होती. आणि श्रीकृष्णरावांच्या शेवटच्या दिवसांपासून तिचा डावा घोडा धरत नव्हता. मागे ओढला की आपोआप पुढे पडायचा.

भीमराज म्हणाला, दुकानात आणून द्या, दोन दिवसांत करतो. नीळकंठराव तयार झाले नाहीत. बंदूक घराबाहेर जाणार नाही, तूच ये, असं त्यांनी कळवलं.

चिंतामणीच्या देवळामागच्या आळीत त्यांचं घर होतं. चांगलं पक्कं, विटांचं. मागच्या अंगणात मात्र एक वेगळी खोली होती, वर टीनचे पत्रे. रेंजरसाहेब असताना तिथं त्यांची कचेरी होती म्हणे. आत एक सतरंजी, भिंतीतलं कपाट आणि कोपऱ्यात पाण्याचा चंबू. एकच खिडकी. तिला गज होते, आणि बाहेरून फळ्या ठोकलेल्या होत्या.

नीळकंठरावांनी कपाटातून बंदूक काढून सतरंजीवर ठेवली. लाकडी दस्त्यावर कोळ्याचं जाळं धरलेलं होतं. दोन वर्षांत कुणी हात लावला नाही, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले,

“बंदूक उघडी असेपर्यंत दार उघडं राहणार नाही. लायसन माझ्या नावावर आहे, काही कमीजास्त झालं तर जाब मला द्यावा लागेल. मी बाहेरून कडी लावतो. आज कचेरीत अर्धा दिवसच जायचं आहे, पाच वाजता येईन. मध्ये काही लागलं तर दार वाजव. वहिनी घरात आहेत.”

त्या बोलण्यात काय दडलं होतं ते भीमराजला कळलं. अशा घरांचे उंबरे त्याच्या ओळखीचे होते. पण पलटणीतही शस्त्रांची खोली बाहेरून बंदच व्हायची. तो फक्त ‘हो’ म्हणाला.

दार लागलं. कडी पडली.

पावलं लांब गेली.

दारावर नजर टाकली तेव्हा त्याला एक गोष्ट दिसली. मिस्त्रीच तो, डोळा तिकडेच जाणार. दाराला आतून कडीच नव्हती. कधीकाळी होती. स्क्रूची चार भोकं तेवढी उरली होती. कुणीतरी ती मुद्दाम काढून टाकली होती.

आणि छातीच्या उंचीवर दाराचा हिरवा रंग एका जागी पार घासून गेला होता.

हाताच्या पंजाएवढ्या जागेत.

असेल काही, असं म्हणून तो कामाला लागला.

त्यानं आधी नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली. मग नळ्या काढून बाजूला ठेवल्या. अशा बंदुकीची सारी कळ दस्त्याच्या दोन्ही अंगांना असते. एकेक लोखंडी पट्टी, आणि पट्टीच्या आतल्या बाजूला घोड्याचे सगळे तुकडे. एका वेळी एकच पट्टी काढायची, हा पहिला नेम. उजव्या-डाव्याचे तुकडे मिसळले की माणूस वेडा होतो. उजवी तशीच राहू देऊन त्यानं डावी काढली. मोठी कमान, म्हणजे स्प्रिंग, चिमट्यात दाबून अलगद सोडवली. मग लहान कमान, घोड्याला अडवून धरणारा दात, आणि घोड्याच्या मुळाशी बसणारा खाचांचा तुकडा. जे आधी निघालं ते डावीकडे, जे मागून निघालं ते उजवीकडे, असं एका ओळीत पांढऱ्या फडक्यावर मांडलं.

जुनं तेल आटून डिंकासारखं झालं होतं. बशीत घासलेट ओतून तो एकेक तुकडा जुन्या ब्रशनं धुऊ लागला.

खाचांचा तुकडा हातात घेतला आणि तो थांबला.

बाकी सगळीकडे डिंक, गंज, मळ. पण घोडा पूर्ण मागे ओढल्यावर दात ज्या खाचेत बसतो ती खाच... चकचकीत होती.

घासून घासून गुळगुळीत झालेली. आणि तिच्याभोवती लोखंडाचा बारीक चुरा.

ताजा चुरा.

शिकारी माणूस आधी बहुतेक उजवी नळी झाडतो. त्यामुळे झिजली तर उजवी जास्त झिजते. इथं उलटं होतं. डावा घोडा कुणीतरी हजारो वेळा ओढला होता आणि सोडला होता. तोही अगदी कालपर्यंत.

आणि दस्त्यावर दोन वर्षांचं जाळं.

भीमराजनं तुकडा पुसून जागेवर ठेवला. असेल, धातू असतो एखादा तसा, असं स्वतःला सांगितलं. वरचं टीन तापलं होतं. घासलेटचा वास डोक्यात चढत होता. चंबूतलं पाणी तो घोटभर प्यायला.

तेवढ्यात...

खट.

थोड्या वेळानं, खटक.

मग, ठक्.

हा आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता. पहिला, घोडा अर्धा ओढल्याचा. दुसरा, पूर्ण ओढल्याचा. तिसरा, चाप दाबून घोडा सोडल्याचा.

त्यानं बंदुकीकडे पाहिलं. उजवा घोडा खाली बसलेला होता, हललेला नव्हता. डावा...

डावा घोडा तुकडे होऊन त्याच्यासमोर फडक्यावर पडला होता.

टीन तापलं की वाजतं, असं तो मोठ्यानं म्हणाला. स्वतःच्याच आवाजानं त्याला जरा बरं वाटलं.

खट... खटक... ठक्.

आवाज वरून येत नव्हता. दाराजवळून येत होता. जमिनीपासून हातभर उंचीवरून. जसं कुणी भिंतीला पाठ टेकून, मांडीवर बंदूक घेऊन बसलं आहे.

तिथं कुणी नव्हतं.

तो उठला आणि दार वाजवलं. “बाई, जरा दार उघडता का?”

घरात वहिनी होत्या, श्रीकृष्णरावांच्या पत्नी प्रभावतीबाई. मागच्या पडवीत त्या गहू पाखडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज मघापासून येत होता. सर्र... सर्र... दार वाजलं तसा तो आवाज थांबला.

भीमराज वाट पाहत राहिला.

सूप पुन्हा वाजू लागलं. सर्र... सर्र...

त्यानं पुन्हा दार वाजवलं, जोरात. सूप पुन्हा थांबलं. म्हणजे ऐकू जात होतं. आणि पुन्हा सुरू झालं.

आता तो दाराकडे नीट पाहू लागला.

धक्का मारला असता तर ते दार निघालं असतं. त्याच्या अंगात तेवढी ताकद होती. पण दार मोडून बाहेर पडायचं कसं? मागे उघडी बंदूक, एकेक तुकडा सुटा. एखादा स्क्रू जरी हरवला तर? बौद्धवाड्यातल्या मिस्त्रीनं भर दुपारी बाईमाणूस एकटं असताना दार फोडलं, बंदूक खोलीत होती... एवढं ठाण्यात लिहिलं गेलं की पुढचं कुणी ऐकून घेणार नव्हतं. बाहेरच्या कडीपेक्षाही हा विचार जड होता.

तो परत सतरंजीवर येऊन बसला. काम केलं की मन ताळ्यावर येतं. त्यानं दात घेतला, बारीक दगडावर त्याला धार लावली. खाच सारखी केली. कोंबडीच्या पिसाचं टोक शिलाई मशीनच्या तेलात बुडवून एकेका सांध्याला थेंबाहूनही कमी तेल लावलं. जास्त लावलं तर धूळ धरते आणि दस्त्याचं लाकूड तेल पिऊन कुजतं. हात ठरल्याप्रमाणे चालले.

मग पहिला तुकडा बसवायला म्हणून तो फडक्याकडे वळला.

तुकड्यांची ओळ उलटी झाली होती.

जे आधी निघालं ते त्यानं डावीकडे ठेवलं होतं. आता ते उजवीकडे होतं. बसवताना ज्या क्रमानं हाताला लागावेत, नेमके त्या क्रमानं तुकडे मांडलेले होते.

कुणीतरी त्याला मदत करत होतं.

आणि तेव्हा दाराजवळून कुणीतरी विचारलं,

“पाच वाजले का हो?”

म्हाताऱ्या, शिकलेल्या माणसाचा आवाज. थकलेला. अगदी सभ्य.

भीमराजला वाटलं बाहेर कुणी आलं. त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि सवयीनं बोलून गेला, “नाई साहेब, पावणेतीन होऊन राह्यले. जरा दार उघडता का?”

बाहेरून उत्तर नाही.

दाराच्या अलीकडून, खोलीच्या आतून, कुणीतरी लांब श्वास सोडला. भिंतीला कापड घासल्याचा आवाज झाला.

खट... खटक... ठक्.

भीमराज सरकत सरकत समोरच्या कोपऱ्यात गेला. हातात कमान दाबायचा चिमटा होता, तो सोडवत नव्हता. पाठ भिंतीला लागली. तापलेली भिंत, पण त्याला थंडी वाजत होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी पुन्हा...

“पाच वाजले का?”

तो बोलला नाही. प्रश्न पुन्हा आला. मग पुन्हा. चिडून नाही, रडून नाही. जसं एखादा माणूस स्टेशनवर गाडीची चौकशी करतो. न सांगावं तर विचारणं थांबत नव्हतं. त्यानं सांगितलं, तीन-दहा. आवाज शांत झाला. घोडा वाजत राहिला.

साडेतीनला पुन्हा. पावणेचारला पुन्हा. दर वेळी आवाज थोडा बारीक होत होता. मधल्या वेळात श्वास ऐकू येत होता, उन्हात धावून आलेल्या जनावरासारखा. एकदा कुणीतरी चंबूकडे सरकल्यासारखं वाटलं. चंबू हलला नाही.

चार वाजले.

“पाच... वाजले का?”

आणि इथं भीमराज मिस्त्री खोटं बोलला.

का बोलला, ते त्याला नंतर कधीच नीट सांगता आलं नाही. हे थांबावं, एवढंच त्या घटकेला वाटत होतं. तो म्हणाला,

“हो. वाजले.”

खोलीत एकदम शांतता झाली.

मग... कुणीतरी उठलं. हात भिंतीला टेकत, गुडघे आवरत, कष्टानं. चार पावलं. पावलं दाराशी थांबली.

धप्.

दार हादरलं. चौकटीतून माती गळली. जिथं रंग घासलेला होता, बरोबर त्याच जागी.

“प्रभा... दार उघड. पाच वाजले. इथं एक गृहस्थ आहेत, तेच सांगतात, पाच वाजले.”

बाहेर सुपाचा आवाज थांबला.

आता उघडेल. आता नक्की उघडेल.

सर्र... सर्र...

सूप पुन्हा सुरू झालं.

धप्. धप्. “प्रभा... अगं, वाजले पाच. वाजले ना हो?” हा प्रश्न त्याला होता. त्या घरात ‘गृहस्थ’ म्हणून त्याला ओळखणारा हा एकच माणूस होता, आणि त्यालाच त्यानं फसवलं होतं. शेवटी तो कसाबसा म्हणाला, “साहेब, माफ करा. खोटं सांगतलं. आत्ता चार वाजले.”

ते ऐकायला उशीर झाला होता. हाका थांबेनात.

मग भीमराजही दाराशी गेला. त्या आवाजाच्या शेजारी उभं राहून त्यानंही दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली. बाजूला कुणी दिसत नव्हतं. पण त्याच्या खांद्याशी दार वेगळ्या हातानं हादरत होतं, हे त्याला लाकडातून कळत होतं.

किती वेळ, त्याला आठवत नाही. सुपाजवळून कुणी एकदाही उठून आलं नाही.

पाचाला काही मिनिटं कमी असताना शेजारची धडक मंद झाली. मग हाताऐवजी नखं लाकडावरून खाली घसरल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड दाराला टेकून हळूहळू खाली बसलं.

त्यानंतर काही नाही. घोडाही नाही, श्वासही नाही.

भीमराज मागे मागे सरकत पुन्हा कोपऱ्यात गेला.

बरोबर पाच वाजता अंगणात चपला वाजल्या. कडी निघाली. नीळकंठरावांनी दार ढकललं.

दार उघडेना.

पुन्हा ढकललं. बोटभर फट पडली, आणि दार आतून कशाला तरी अडलं. “दार काय धरून ठेवलंस?” असं म्हणत त्यांनी खांदा लावला. दार खरडत, अडखळत उघडलं, जसं त्याच्यामागे काहीतरी पडलेलं आहे आणि ते सरकत आहे.

नीळकंठराव आत आले. दारामागे पाहिलं. तिथं काही नव्हतं.

मग समोरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या भीमराजकडे पाहिलं. दारापासून बारा हात लांब.

त्यांचा चेहरा उतरला. दाराच्या मागच्या जागेकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही.

उरलेलं काम भीमराजनं ओट्यावर, उजेडात बसून केलं. अर्ध्या तासात डावी पट्टी जागेवर बसली. घोडा ओढला, धरला. सोडला, पडला. नीळकंठरावांनी मान हलवली आणि बंदूक घेऊन आत गेले. ती त्यांनी मागच्या खोलीत नेली नाही.

प्रभावतीबाई चहा घेऊन आल्या. कान तुटलेला वेगळा कप. कप ओट्यावर ठेवून त्या गेल्या नाहीत, खांबाला धरून उभ्या राहिल्या. हळू आवाजात म्हणाल्या,

“मी ऐकलं.”

“मंग दार काहून नाई उघडलं, बाई?”

त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं.

“रोजच ऐकू येतं. दुपारचं. दोन वर्षं झाली. मला वाटलं... आजचंही तेच आहे.”

मग त्यांनी सांगितलं. शेवटच्या वर्षी रेंजरसाहेबांना भ्रम झाला होता. भर उन्हात जंगलाच्या रस्त्यानं निघून जायचे. दोनदा बेशुद्ध सापडले. म्हणून दुपारभर त्यांना मागच्या खोलीत ठेवू लागले. पाच वाजता उघडू, असं सांगून. रिकामी बंदूक हातात दिली की ते शांत बसायचे, डावा घोडा ओढत, सोडत. मध्येच दार वाजवायचे. तिकडे लक्ष द्यायचं नाही, नाहीतर सवय लागेल, असं घरात ठरलं होतं. एका दुपारी त्यांनी जरा जास्तच वेळ वाजवलं. प्रभावतीबाई तेव्हाही पडवीतच होत्या.

पाच वाजता भावजींनी दार ढकललं तर उघडेना. आतून ते दाराला टेकून पडले होते.

एवढं सांगून प्रभावतीबाईंनी त्याला एकच विचारलं. “पाच वाजले असं तुम्ही कशाला सांगितलं?”

चहा तसाच राहिला.

बाभुळगावला परतल्यावर भीमराजनं घरात कुणाला काही सांगितलं नाही. सत्यशीलानं दोनदा विचारलं, बरं नाही का म्हणून. तो हातातल्या कामाकडे वळला. मोहल्ल्यात उभं राहून भूत नसतं म्हणणाऱ्या माणसानं काय सांगायचं होतं? पण दुपार झाली की त्याच्या हातातलं काम थांबायचं. तिकडे आता कुणीतरी दारावर हात आपटत असेल, आणि ‘ते गृहस्थ म्हणाले होते’ असं सांगत असेल.

पुढच्या बुधवारी, चोवीस तारखेला, तो आपणहून कळंबला गेला. नीळकंठराव कचेरीत होते. प्रभावतीबाईंनी कशाला आलात असं विचारलं नाही. दोघं अंगणात बसून राहिले, तो ओट्याच्या पायरीवर, त्या पडवीत. बंद दारामागून आवाज येत होते. दोघंही ऐकत होते.

पाचाला काही मिनिटं कमी असतानाच आवाज थांबले. भीमराजनं घड्याळ पाहिलं. मोठा काटा बाराशी आला तसा तो उठला, कडी काढली, आणि दाराला हात लावायच्या आधी म्हणाला,

“साहेब, आता खरंच पाच वाजले. चाला.”

दार या खेपेला अडलं नाही. हलक्यानं उघडलं. तो बाजूला सरून उभा राहिला.

काहीच झालं नाही. खोली रिकामी होती. सतरंजी, कपाट, चंबू.

पण मागे वळून पाहिलं तर प्रभावतीबाई उठून उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून, मान खाली घालून, वाट सोडून भिंतीशी सरकल्या होत्या. त्यांची नजर जमिनीवरून हळूहळू सरकत अंगणाच्या फाटकापर्यंत गेली.

त्यांना काय दिसलं ते त्यानं विचारलं नाही.

जुलैच्या शेवटी एक पोस्टकार्ड आलं. ते आज माझ्याकडे आहे. शाई फिकी झाली आहे, पण वाचता येतं.

‘मिस्त्रींना नमस्कार. तुम्ही येऊन गेल्यापासून दुपारचा आवाज बंद आहे. खोलीचं दार मी उघडंच ठेवते. परवा दुपारी केर काढायला आत गेले आणि मागे दार लागलं. बाहेरून कडी पडली. घरात कोणी नव्हतं. पाच वाजता कडी आपोआप निघाली. काल पुन्हा तसंच झालं. काल मी आपणहून आत जाऊन बसले होते. मी दार वाजवलं नाही. कळावे. प्रभावती.’

आबाजींनी या कार्डाला उत्तर पाठवलं नाही. कळंबलाही गेले नाहीत. मी विचारलं, निदान दोन ओळी तरी लिहायच्या होत्या.

आबाजींनी कार्ड माझ्या हातात ठेवलं. मग, त्या सबंध गोष्टीत पहिल्यांदाच, ‘मी’ म्हणाले.

“काय लिवू मी? दार उघडा म्हनू? पन म्हनू कोनाले?”

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे प्रभावतीबाईंचं काय झालं, ती खोली अजून आहे का, हे मला माहीत नाही. कामानिमित्त मी तीनदा कळंबला गेलो आहे. ती आळी बसस्टँडपासून लांब नाही, विचारलं असतं तर कुणीही घर दाखवलं असतं.

तिन्ही वेळा मी बारा वाजायच्या आत परतीची बस पकडली.